एकच बियाणं, दोन तारखा

पत्र:

ताई, नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात राहतो. धान निघाल्यावर दोन वर्षांपासून मोहरी घेतो आहे. गेल्या साली एकाच दुकानातून, एकाच लॉटच्या दोन पिशव्या आणल्या. गावालगतच्या उंच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, हलकं (कमी दिवसांचं) धान होतं, ती लवकर रिकामी झाली, तिथे ४ नोव्हेंबरला पेरणी केली. खालच्या बांधीत भारी (जास्त दिवसांचं) धान होतं, तिथे पेरायला १२ डिसेंबर उजाडला. खत तेच, पाणी तेच, उगवण दोन्हीकडे चांगली. पण वरच्या एकरात साडेचार क्विंटल झाली आणि खालच्या एकरात पावणेदोन. खालची झाडं कमरेच्या वर गेलीच नाहीत, फूल मात्र लवकर आलं. मग माव्यानं शेंडे भरले. शेंगा लागल्या, पण दाणा खसखशीसारखा, व्यापाऱ्यानं भाव पाडला. माझा साळा म्हणतो बियाणं बोगस होतं, दुकानदारावर तक्रार कर. मुलगा मोबाइलवर राजस्थानातल्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ बघतो. तो म्हणतो तिकडे सप्टेंबरअखेरीपासून पेरतात, आपणही पुढच्या वर्षी लवकर पेरू. यंदा वरचा एकर तीन-चार दिवसांत मोकळा होईल. खालचं धान २०-२२ नोव्हेंबरपर्यंत उभं राहील आणि जमीन ओली आहे. दोन्हीकडे मोहरी टाकू का? आज २८ ऑक्टोबर आहे. लवकर सांगा.

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

तुमची घाई खरी आहे, म्हणून आधी कामाचं सांगते. वरच्या एकरात मोकळ्या मनाने मोहरी पेरा. जमिनीला वाफसा आला की त्याच दिवशी पेरा. खालच्या एकरात यंदा मोहरी टाकू नका. का ते पुढे सविस्तर लिहिते, कारण हे एकदा नीट उमगलं की पुढच्या वर्षी कुणाला विचारावंच लागणार नाही.

बियाण्याचा प्रश्न तुमच्याच पत्राने सोडवला आहे. लॉट एक, दुकान एक, उगवण दोन्हीकडे चांगली. तेच बी वरच्या बांधीत साडेचार क्विंटल देऊन गेलं. बोगस बियाणं एका बांधीत खरं आणि दुसऱ्या बांधीत खोटं असं वागत नाही. तक्रार केलीत तर तपासणीला आलेला माणूस तुमचाच वरचा एकर दाखवून परत जाईल. साळ्याचा राग मला कळतो. घरचा माणूस बुडाला की कुणाला तरी धरावंसं वाटतंच. पण इथे धरायची आहे ती तारीख. पिशवी, लेबल आणि पावती जपून ठेवायची सवय मात्र सोडू नका. कधी खरंच उगवण फसली तर तेच कागद कामी येतात.

आता तुमच्या दोन एकरांत नेमकं काय झालं ते बघू.

मोहरी दिवस मोजत नाही, ऊब मोजते. शास्त्रात याचा साधा हिशेब आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवायचं, दोनाने भागायचं आणि त्यातून ५ वजा करायचे, कारण ५ अंशांच्या खाली मोहरीची वाढ जवळजवळ थांबते. जो आकडा उरतो ती त्या दिवसाची झाडाच्या खात्यात जमा झालेली ऊब. पेरणीपासून काढणीपर्यंत ही बेरीज वाणानुसार साधारण १,५०० ते १,८०० च्या दरम्यान भरते. ती भरली की झाड पिकतं, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

तुमच्याकडचं हवामान नागपूरपेक्षा फार वेगळं नाही, म्हणून नागपूरचे सरासरी आकडे घेते. नोव्हेंबरात कमाल ३० आणि किमान १६ धरलं तर रोज १८ जमा होतात. डिसेंबर-जानेवारीत कमाल २८-२९, किमान १२-१३, म्हणजे रोज साडेपंधरा-सोळा. फेब्रुवारीत कमाल ३२ पर्यंत जातं आणि रोजची जमा साडेअठरा होते. मार्चमध्ये कमाल ३६ च्या आसपास, जमा २३. आता तुमची ४ नोव्हेंबरची पेरणी या वहीत मांडा. १,७०० ची बेरीज १५ फेब्रुवारीच्या आसपास पूर्ण होते. १२ डिसेंबरची पेरणी मांडा, तीच बेरीज १७ मार्चच्या आसपास पूर्ण होते. पेरणीत ३८ दिवसांचं अंतर होतं, पिकण्यात ३० च दिवसांचं राहिलं. मधले आठ दिवस उन्हाने खाल्ले.

पण आठ दिवस गेले ही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट ही, की मोहरीचा दाणा शेवटच्या ३५-४० दिवसांत भरतो. वरच्या एकरात हे दिवस साधारण ८ जानेवारी ते १५ फेब्रुवारी होते. वर्षातले सगळ्यात मऊ दिवस. खालच्या एकरात ते ८ फेब्रुवारीनंतर सुरू झाले आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालले. म्हणजे एका बांधीतल्या मोहरीने थंडीत दाणा भरला, दुसरीने उन्हात. तुमच्या पावणेदोन क्विंटलचं मुख्य कारण इथेच आहे.

झाड बुटकं का राहिलं आणि फूल लवकर का आलं, हेही याच हिशेबात बसतं. मोहरीला वाढीच्या पहिल्या महिन्यात थोडी ऊब लागते, म्हणजे पानं रुंद होतात, खोड जाड होतं आणि बुडापासून फांद्या फुटतात. ४ नोव्हेंबरच्या पेरणीला तो महिना मिळाला. १२ डिसेंबरचं रोप जमिनीतून वर आलं तेच कडाक्याच्या थंडीत, त्यामुळे ते बसून राहिलं. जानेवारी सरताना दिवस मोठा होऊ लागला, ऊन वाढलं. मोहरी वाढत्या दिवसाला ओळखणारं पीक आहे. दिवस लांबला आणि हवा तापली की ते फुलोऱ्याकडे वळतं, झाड तयार असो वा नसो. कमरेएवढ्या झाडाला फांद्या किती असणार? आणि फांद्या नाहीत तर शेंगा कुठे धरणार?

वरच्या बांधीचं वाळलेलं एखादं झाड आणि खालच्या बांधीचं एखादं झाड अजून धुऱ्यावर किंवा कुडाच्या ढिगात सापडलं तर दोन्ही हातात घेऊन बघा. मोहरीचं मधलं खोड खालून वर फुलत जातं. खालच्या शेंगा आधीच्या, वरच्या नंतरच्या. त्यामुळे ज्या दिवसांत फुलांना ऊन सोसलं नाही त्या दिवसांची जागा खोडावर रिकामी दिसते, नुसते देठ उभे, शेंग नाही. फुलोऱ्यात दिवसाचं तापमान सलग ३० च्या वर राहिलं की परागकण निकामी होऊ लागतात. फूल उमलतं, पाकळ्या गळतात, पण शेंग धरत नाही. धरली तरी आत दाणे मोजके. तुमच्या खालच्या झाडांवर असा रिकामा पट्टा शेंड्याकडच्या अर्ध्या भागात असणार असा माझा अंदाज आहे.

दुसरी परीक्षा दाण्याची. घरात फोडणीच्या डब्यात वरच्या बांधीची मोहरी असेलच. खालच्यातली थोडी उरली असेल तर दोन्हीचे हजार-हजार दाणे मोजा. सून-मुलगा, नातवंडं बसली तर अर्ध्या तासाचं काम आहे, शंभराच्या दहा पुंज्या घालायच्या. मग सोनाराच्या काट्यावर तोलून आणा. चांगल्या भरलेल्या मोहरीचे हजार दाणे ४ ते ६ ग्रॅम भरतात. उन्हात अडकलेल्या मोहरीचे तीन ग्रॅमही भरत नाहीत, असं अनेकदा होतं. दाण्यांची संख्या तीच, माल अर्धा. व्यापाऱ्याने भाव पाडला त्याच्या मुळाशी हेच आहे. मोहरीत तेल साधारण ३६ ते ४२ टक्के असतं आणि त्याचा मोठा भाग दाणा भरण्याच्या काळात जमा होतो. ऊन वाढलं की तो काळ आखडतो, दाणा आत सुकतो, तेल कमी उतरतं. घाण्यावाल्याला ते हाताला लागल्याबरोबर कळतं.

माव्याचंही वेगळं दुर्दैव नव्हतं. मावा अंडी घालत बसत नाही, मादी सरळ पिल्लं देते आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लं स्वतः पिल्लं देऊ लागतात. थंडी थोडी मोडली, आभाळ दोन दिवस झाकोळून राहिलं, की जानेवारीच्या शेवटापासून तो वेगाने वाढतो. तेव्हा तुमच्या वरच्या मोहरीच्या शेंगा घट्ट होत आल्या होत्या. त्यात सोंड खुपसून त्याला फारसं मिळणार नव्हतं. खालच्या मोहरीला मात्र नेमका तेव्हा कोवळा शेंडा आणि कळ्या होत्या. माव्यासाठी ताट वाढून ठेवल्यासारखं झालं.

एक गोष्ट मला इथे कळकळीने सांगायची आहे. माझे वडील मोहरी विकायला लावत नसत. आमच्याकडे हरभऱ्याच्या कडेने मोहरीच्या चार ओळी असायच्या, वर्षभराच्या फोडणीपुरत्या आणि लोणच्याच्या डाळीपुरत्या. आई म्हणायची, दिवाळी झाली की टाकायची. मी कृषी शिकून घरी आले तेव्हा जुनी टिपणवही काढली आणि लक्षात आलं की काही वर्षी मोहरी भरघोस आणि काही वर्षी किडकी का निघायची. दिवाळी दरवर्षी सरकते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक. मोहरीसाठी तीन आठवडे म्हणजे फार झाले. आपल्या म्हाताऱ्यांकडे याहून पक्कं मोजमाप होतं, ते नक्षत्रांचं. नक्षत्रं सूर्यावर चालतात, त्यामुळे ती तारखेला धरून राहतात. चित्रा साधारण १० ऑक्टोबरला लागते, स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमाराला, विशाखा ६ नोव्हेंबरच्या सुमाराला आणि १९ नोव्हेंबरला अनुराधा. आपल्या पूर्व विदर्भात मोहरीची पेरणी स्वातीत सुरू करावी आणि विशाखा संपेपर्यंत उरकावी. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' असं म्हणतात ते रब्बीच्या ओलीसाठी. मोहरीला ती ओलही लागते आणि त्या पंधरवड्यातलं उतरतं ऊनही.

आता मुलाचं. मुलगा शेतीचे व्हिडिओ बघतो याचा मला आनंद आहे, त्याला गप्प बसवू नका. त्याने पाहिलं तेही खरं आहे. देशातल्या मोहरीचा निम्म्याच्या आसपास हिस्सा एकट्या राजस्थानातून येतो आणि मोहरीवर संशोधन करणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्थाही तिथेच, भरतपूरला आहे. पण राजस्थानच्या शेतकऱ्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. कोरडवाहू रेताड जमिनीत पावसाची साठलेली ओल उडून जाण्याआधी त्याला बी टाकावं लागतं, म्हणून तो घाई करतो. जानेवारीत त्याच्या भागात किमान तापमान अनेकदा पाच-सहा अंशांच्या खाली जातं, दहिवर गोठतं. तिथे मोहरीचा काळ लांबतो आणि पीक चार-साडेचार महिने शेतात राहतं. तुमच्या बांधीत सप्टेंबरअखेर धानाच्या लोंब्या भरत असतात, तिथे मोहरीला जागाच नाही. उंच पडीक तुकडा असता तरी मी हो म्हटलं नसतं. हस्ताचा पाऊस भारी जमिनीत पाणी साचवतो आणि मोहरीच्या कोवळ्या मुळांना साचलेलं पाणी दोन दिवसही झेपत नाही. पाऊस गेला की ऑक्टोबर हिट. तेव्हा दुपारी जमिनीचा वरचा थर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि दोन पानांचं रोप बुडाशी करपून मान टाकतं. जे जगतं तेही उबेच्या जोरावर भराभर वाढून, फांद्या फुटायच्या आत फुलोऱ्यावर येतं. म्हणजे उशिरा पेरलेल्या मोहरीचं जे झालं तेच, फक्त दुसऱ्या बाजूने.

मुलाला एक काम द्या. शंभर-दोनशे रुपयांत साधा तापमापी मिळतो. दुपारी दोन वाजता तो बांधीत दोन बोटं खोल खुपसून दहा मिनिटांनी आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, १५ ऑक्टोबरपासून रोज. हवेचं कमाल तापमान ३२ च्या खाली आणि त्या खोलीवर मातीचा आकडा २५-२८ च्या घरात स्थिरावला की पेरणीची वेळ झाली. काही वर्षी ते २२ ऑक्टोबरला होईल, काही वर्षी नोव्हेंबर उजाडेल. दोन-तीन वर्षांत ती वही माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त मोलाची होईल, कारण ती तुमच्या बांधीची असेल.

आता वरच्या एकराचं. एकरी दोन किलो बी पुरे. दाणा बारीक असतो, म्हणून तेवढीच बारीक वाळू किंवा चाळलेलं शेणखत मिसळून तिफणीने पेरा. ओळींत दीड फूट अंतर, आणि खोली दोन ते तीन सेंटिमीटर, त्याहून खाली नको. बी खोल गेलं की वर येताना त्याचा जीव संपतो. पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करा आणि दोन झाडांत वीतभर नाही तरी सहा बोटं जागा ठेवा. बहुतेक जण विरळणीला मन मोठं करत नाहीत. उगवलेलं उपटवत नाही, हे मी समजू शकते. पण दाट मोहरी म्हणजे नुसत्या काड्या. उपटलेली कोवळी रोपं घरी न्या, भाजी छान होते.

खताचा हिशेब सोपा आहे. एकरी एक गोणी युरिया आणि दोन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट. सुपर फॉस्फेट पूर्ण पेरणीला, युरिया अर्धा पेरणीला आणि अर्धा पहिल्या पाण्याला. इथे डीएपी घालू नका असं मी मुद्दाम सांगते. मोहरीच्या तेलाला आणि तिच्या झणक्याला गंधक लागतं. दोन गोण्या सुपर फॉस्फेटमधून ते सुमारे ११ किलो मिळतं, डीएपीतून मिळत नाही. पहिलं पाणी ३०-३५ व्या दिवशी, कळ्या दिसू लागताना. दुसरं शेंगा धरताना. एकच पाणी देता येत असेल तर पहिलं द्या. धानाच्या बांधीला पाणी साठवायची सवय असते, म्हणून एका कोपऱ्यात पाट मोकळा ठेवा.

वाणासाठी तुमच्या भागात शताब्दी (एसीएन-९) आणि टीएएम १०८-१ ही नावं विचारा. पहिलं नागपूरच्या कृषी महाविद्यालयाचं, दुसरं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर काढलेलं. दोन्ही आपल्या हवेत, आपल्या छोट्या थंडीत तयार झालेली आहेत. हरियाणा-राजस्थानच्या लांब मुदतीच्या वाणांची जाहिरात किती का आकर्षक असेना, आपल्या हिवाळ्याचे तेवढे दिवसच नसतात.

खालच्या एकराकडे येते. तिथलं धान २०-२२ नोव्हेंबरला कापलं, कडपा वाळल्या, भारे बांधून उचलले, जमिनीला वाफसा आला, असं धरलं तर पेरणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत होत नाही. म्हणजे पुन्हा गेल्या वर्षीचीच गोष्ट. उशिराच्या पेरणीसाठी पूसा मोहरी २६ सारखी वाणं आहेत, पण ती उत्तरेच्या लांबलेल्या थंडीला धरून निवडलेली आहेत. आपल्याकडे फेब्रुवारी त्यांच्यासाठी थांबत नाही. त्यापेक्षा धान उभं असतानाच, कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, पाणी काढून नुसत्या ओलीवर जवस किंवा लाखोळीची डाळ उतेरा टाका, म्हणजे उभ्या धानातच बी फोका. खर्च जवळजवळ नाही आणि ओल फुकट जात नाही. तुमच्याकडे फेब्रुवारीनंतर विहिरीला पाणी टिकत असेल तर उतेऱ्याऐवजी बांधी वखरून तापू द्या आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात उन्हाळी मूग घ्या. मुगाला तीच ऊब हवी असते जी मोहरीला सोसत नाही. पाण्याची खात्री तुम्हालाच माहीत, निवड तुमची.

आणि खालच्या बांधीत कधीतरी मोहरी घ्यायचीच असेल तर तो निर्णय नोव्हेंबरात करून चालत नाही, जूनमध्ये करावा लागतो. २५ जूनला पऱ्हे (धानाची रोपवाटिका) टाकलं आणि धान १४५ दिवसांचं असलं तर ते १७ नोव्हेंबरला पिकतं. तेच १२० दिवसांचं असलं तर २३ ऑक्टोबरला. मोहरीच्या पेरणीची तारीख म्हणजे धानाच्या वाणाची तारीख, हे मी गावोगावच्या बैठकांत सांगत असते आणि दर वेळी दोन-चार माना हलतात, पण जून आला की सगळे पुन्हा भारी धानाकडे वळतात. भारी धानाचा उतारा थोडा जास्त असतो, ते मी नाकारत नाही. म्हणूनच तुमच्या दोन बांध्यांचा जमाखर्च एकदा वर्षभराचा मांडा. भारी धान अधिक पावणेदोन क्विंटल मोहरी एकीकडे, हलकं धान अधिक साडेचार क्विंटल मोहरी दुसरीकडे. हा हिशेब तुमच्या आकड्यांनी करा, माझ्या नको.

तारीख साधली तरी एक धास्ती उरते, तीही सांगून ठेवते. हल्ली फेब्रुवारीचा भरवसा राहिलेला नाही. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात तापलेला फेब्रुवारी होता. त्याआधीच्या वर्षी मार्चने तसाच उच्चांक केला आणि उत्तरेत गव्हाचे दाणे आक्रसले. म्हणून मी स्वातीतल्या पेरणीचा आग्रह धरते. विशाखाच्या शेवटी पेरलेली मोहरी चांगल्या वर्षी निभावून जाते, वाईट वर्षी तिच्याजवळ आठ दिवसही शिल्लक राहत नाहीत. जानेवारीच्या शेवटी अचानक तापलं आणि तुमच्या शेंगा हिरव्या असतील तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओल्या जमिनीने पिकातली हवा थोडी निवते आणि दाण्याला दोन-चार दिवस मिळतात. त्या वेळी युरिया मात्र टाकू नका, पीक हिरवं राहतं आणि माव्याला बोलावतं.

माव्यावर नजर ठेवायची ती डिसेंबरच्या मध्यापासून. आठवड्यातून एकदा बांधीत तिरकं चालत दहा-पंधरा झाडं बघा. मधल्या शेंड्याचा चार बोटं लांबीचा भाग हलकेच धरून पांढऱ्या कागदावर झटका आणि मोजा. कडेच्या एखाद-दुसऱ्या झाडावर मावा असेल तर तो शेंडा मोडून पिशवीत घालून जाळा, तेवढ्याने पंधरा दिवस निघून जातात. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. शेंड्यामागे मावा ५०-६० च्या पुढे जाऊ लागला तरच औषध, आणि ज्याच्या लेबलवर मोहरी आणि मावा लिहिलेलं आहे तेच. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या घरी परतल्यावर. माव्याला खाणारे ढालकिडे जास्त दिसले तर दोन दिवस थांबा. त्यांच्या काळ्या, केशरी ठिपक्यांच्या अळीला लोक कीड समजून मारतात. मुलाला ती अळी ओळखायला शिकवा, ती आपली आहे.

वरचा एकर तुम्ही या चार दिवसांत पेरलात तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो काढणीला येईल. सगळ्या शेंगा वाळायची वाट बघू नका. चारातल्या तीन शेंगा पिवळ्या पडल्या, दाणा दोन बोटांत चुरगाळला तरी चेपत नाही आणि तपकिरी झाला, की कापा. कापणी पहाटे दव असताना करा आणि ऊन चढायच्या आत भारे खळ्यावर आणा. दहाच्या पुढे शेंगा तडकतात आणि वर्षभराचे दाणे धुऱ्यावर सांडतात. खळ्यावर ताडपत्री घालून चार-पाच दिवस वाळू द्या, मग मळा. पोत्यात भरण्याआधी त्यातले हजार दाणे मोजून काट्यावर ठेवा आणि वजन मुलाच्या वहीत पेरणीच्या तारखेसमोर लिहा.